भरावावरचं बिऱ्हाड

मी राहतो त्या जागी पूर्वी समुद्र होता. मरीन परेड म्हणतात या भागाला. आमच्या समोरच्या दारात एक चिनी म्हातारा राहतो, त्याने मला हे सांगितलं. त्याला हिंदी येत नाही आणि मला इंग्रजी येत नाही, म्हणून त्याने ते करूनच दाखवलं. एकदा मला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या गल्लीत घेऊन गेला. तिथे एका जुन्या बंगल्याची भिंत आहे, आणि भिंतीतून पायऱ्या उतरतात त्या कुठेच जात नाहीत, सरळ फुटपाथवर येऊन संपतात. म्हातारा शेवटच्या पायरीवर उभा राहिला, दोन्ही हातांनी पोहल्यासारखं केलं, मग वळून आमच्या बिल्डिंगकडे बोट दाखवलं आणि पुन्हा पोहला. जाता जाता दोन पोरी हसल्या. मी नाही हसलो. मला चटकन कळलं, कारण माझं गावही असंच समुद्राकडून घेतलेलं आहे.

आमचा खारेपाट. रायगड जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. आमच्या खापरपणज्यांनी चिखलाचे बांध घालून खाडीचं पाणी बाहेर ठेवलं आणि आत भात पिकवलं. बांधात जागोजाग लाकडी झडप असते, तिला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ती उघडते आणि आतलं पावसाचं पाणी निघून जातं, भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटते. बांध फुटला तर खांड पडली म्हणायचं, आणि खांड पडली की गावातला एकूणएक माणूस टोपली घेऊन धावायचा. ताटावर बसलेला असो की हळद लागलेला नवरदेव असो.

इथे तसं नाही. इथे सरकारने टेकड्या कापल्या, ती माती समुद्रात लोटली, वर घरं बांधली. काम चोख आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण भरावावर राहणाऱ्या कुणाला टोपली घेऊन धावावं लागत नाही. धावायचं नाही म्हटल्यावर माझ्यासारख्याने दिवसभर करायचं काय?

बायको गेली त्या वर्षी मुलाने मला इकडे आणलं. "तीन महिने राहा, बाबा, मन रमलं नाही तर परत." मन रमलं का हे मला नंतर कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची मला सवय नाही. तीन महिने राहायचा पास संपला, मुलाने मोठा पास काढला. माझा पासपोर्ट आणि गावच्या घराच्या किल्ल्या मुलाच्या टेबलाच्या खणात आहेत. खणाला कुलूप नाही. पण पोराच्या खणात हात घालणारा बाप मी नव्हे.

सतराव्या मजल्यावर घर. खाली जायचं तर लिफ्ट, आणि खाली गेलं की खांबांमध्ये मोकळी जागा, तिथे बाकं, बाकांवर माझ्यासारखेच म्हातारे. त्यांच्याबरोबर मोलकरणी असतात, इंडोनेशियाच्या, ब्रह्मदेशाच्या, त्या फोन बघतात. माझ्या खिशात सुनेने प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड ठेवलंय, त्यावर मुलाचा नंबर. बकरीच्या गळ्यात घंटा बांधतात ना, तसं. एकदा मी मुलाला विचारलं, "समज, इथून चालतच निघालो, तर देश संपतो कुठे?" तो म्हणाला, "उत्तरेला वुडलँड्सला. तिथून पूल आहे, पलीकडे मलेशिया. पण पासपोर्ट लागतो." म्हणजे पुन्हा तो खणच.

गावासारखं वाटावं म्हणून एका रविवारी मला होडीत बसवून पुलाउ उबीनला नेलं. बेटावर कोंबड्या होत्या, पत्र्याची घरं होती, आणि लोक भाड्याच्या सायकलींवरून येऊन कोंबड्यांचे फोटो काढत होते. मी सुनेला म्हटलं, "आमच्या कोंबड्यांचे फोटो कुणी काढले असते तर अंडी द्यायच्या बंद झाल्या असत्या." ती हसली. सून पुण्याची आहे, बँकेत मोठ्या जागेवर आहे, तोंडाने फटकळ पण मनात काही ठेवत नाही. माझं आणि तिचं त्यामुळे जमतं.

तर असं चार वर्षं चाललं होतं, आणि मग त्या हॉलंडमधल्या शहराचं निघालं.

मुलाच्या कंपनीचं तिकडे ऑफिस आहे. मोठी जागा रिकामी झाली आणि याला विचारलं. महिन्याभरात हो की नाही ते कळवायचं होतं. शहराचं नाव अल्मेरे. आमच्या नातीला चौदावं लागलंय, तिला इथून हलायचं नव्हतं, म्हणून ती त्या शहराची उणीदुणी शोधून शोधून वाचायची आणि जेवताना आम्हाला ऐकवायची. तिचं मराठी अर्धं आणि वर इथल्या पोरांसारखं शेपूट.

"आजोबा, तिथे एक पण जुनी गोष्ट नाही. शहर बाबाच्या वयाचं आहे, इमॅजिन. सगळं फ्लॅट. डोंगर नाही, काही नाही. सो बोअरिंग, लाह."

"तुझा बाबा बोअरिंग आहे का?" सून म्हणाली.

"थोडा आहे, लाह."

पण मला ते शहर भावलं. मी नातीला म्हटलं, नीट वाच, गाळू नकोस. समुद्राचा तुकडा त्यांनी आधी बांध घालून तोडला. मग पंप लावून वर्षानुवर्षं पाणी उपसलं. आम्ही ओहोटीची वाट बघायचो, ते वाट बघत नाहीत. खालून वर आला तो नुसता चिखल, माणूस चालला तर कमरेपर्यंत रुतेल असा. मग त्यांनी विमानातून बोरूचं, म्हणजे उंच पाणगवताचं, बी पेरलं. मी तिला ते दोनदा वाचायला लावलं. विमानातून! बोरूने पाणी शोषलं, मुळांनी चिखल धरला, चिखलाची जमीन झाली. मग पिकं घेतली, मग झाडं लावली, झाडं सरळ रांगेत, आणि सगळ्यात शेवटी माणसं. नांगर फिरवताना जुन्या बुडालेल्या गलबतांच्या फळ्या लागायच्या. अजून तिथे शेताच्या मध्येच खांब रोवलेले दिसतात, इथे गलबत आहे अशी खूण म्हणून. समुद्र घरांपेक्षा वर, माणसं खाली. आणि पंप अजून चालू.

"पंप बंद पडले तर?" मी मुलाला विचारलं.

"पडत नाहीत, बाबा."

"आमचीही उघाडी अडकत नव्हती. अडकेपर्यंत."

मुलगा माझ्याकडे बघून जेवायचा थांबला. मला वाटलं चिडला. पण त्याच्या मनात दुसरंच होतं. तो म्हणाला, "बाबा, एक अडचण आहे. तिथे आईवडिलांना कायमचं नेता येत नाही. पाहुणे म्हणून तीन महिने, बस."

नात पटकन म्हणाली, "मग आपण जायचंच नाही."

मी म्हणालो, "का? मी गावी जातो."

इतकं सोपं होतं ते. चार वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते घास गिळता गिळता निघालं. आणि मी मागितलं असं पण झालं नाही, उलट पोराची अडचण मी सोडवली असं झालं. मला फार बरं वाटलं. बांध माझाच होता, पण उघाडी परक्या पाण्याने उघडली.

मुलगा पंधरा दिवस कां-कूं करत होता. एकटे कसे राहाल, जेवण कोण करेल. गावात माझा चुलतभाऊ आहे, धाकटा, शेजारच्याच घरात. त्याला व्हिडिओ फोन लावला. तो फोनमध्ये तोंड घालूनच बोलतो, आपल्याला फक्त नाक दिसतं. "दादाला पाठव रे," तो म्हणाला. "माझी बायको चार भाकऱ्या जास्ती थापंल. तुझ्या बापाला काय, मासळी दिली की झाला खूश." शेताचं मात्र त्याने सांगितलं. दोन पावसाळ्यांपूर्वी मोठी खांड पडली, बुजवायला पोरं नाहीत, आमच्या शेतात आता खाऱ्या पाण्यातली तिवरं उगवलीत. मला ते ठाऊक होतं, तरी त्याच्या नाकाकडे बघत बसलो. घर उंचावर आहे, घराला काही नाही.

शेवटी मुलगा म्हणाला, "ठीक आहे. भाऊकाका आहे म्हणून. मी छपराचं काम काढतो, बाथरूम नीट करून घेतो, मग जा." खण उघडून त्याने किल्ल्या काढल्या आणि कोणती कोणत्या कुलपाची ते मला विचारून चिठ्ठ्या लावल्या.

आता पुढचं सांगतो, ते सांगताना मला अजून राग येतो, पण कुणाचा ते ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समुद्राकडे फिरायला गेलो. ईस्ट कोस्टला मोठी बाग आहे, नारळ आहेत, हिरवळ आहे, पलीकडे जहाजं उभी. मनात आनंद होता, आणि आनंदात माणूस आपल्या जुन्या वळणावर जातो. मला वाटलं, आपण चार वर्षं या भरावावर राहिलो, ही जमीन गोडी झाली की खारीच आहे हे बघितलंच नाही.

आमच्याकडे हे सगळे करायचे. खांड बुजवल्यावर जमीन खारी होते, दोन-तीन पावसाळे गेले की मीठ धुऊन जातं. पेरायची की नाही हे ठरवायला चिमूटभर माती घ्यायची आणि जिभेच्या टोकावर ठेवायची. दातांना लागू द्यायची नाही. जरा थांबायचं आणि थुंकायची. बापाने मला शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. यात काही विद्या नाही, जीभ असली की झालं.

मी एका झाडाच्या बुंध्याशी बसलो, बोटाने उकरलं, चिमूट जिभेवर ठेवली. गोडी होती! पिकेल अशी माती. मला हसू आलं, म्हटलं शाब्बास रे सरकार. आणि आता थुंकणार एवढ्यात आठवलं. विमानतळावरून येतानाच मुलाने बजावलं होतं, "बाबा, इथे थुंकायचं नाही, दंड होतो." चार वर्षं मी ते पाळलं होतं. असल्या नीटनेटक्या हिरवळीवर, घरी जायच्या तोंडावर, मुलाला दंड भरायला लावू? मी गिळली.

वर बघितलं तर पळण्याचे बूट घातलेली एक बाई उभी. तिने मला माती तोंडात घालताना बघितलं होतं आणि गिळताना बघितलं होतं. ती खाली वाकून गोड आवाजात बोलू लागली, "अंकल, अंकल." इथे सगळे मला अंकल म्हणतात, पुतण्या मात्र कुणी होत नाही. मी हाताने जा म्हटलं. ती गेली नाही. तिने फोन लावला. मी उठायला लागलो, तर तिने माझा दंड धरला. परक्या बाईने दंड धरलेला मला आयुष्यात माहीत नाही. मी झटकला. त्यात तोल जाऊन परत बसलो. मग दोन पोलीस आले, एक मलय पोरगा आणि एक चिनी पोरगी, दोघं इतकी लहान की मला वाटलं शाळेचं काहीतरी असेल. पोरीने पाणी दिलं. पोरग्याने खिशातलं कार्ड मागितलं. मी दिलं नाही. त्याने हिंदी बोलणारा कुणीतरी फोनवर दिला. तो विचारत होता, "अंकलजी, मिट्टी क्यों खाई?"

खाई म्हणे. मी फोन परत दिला, तेवढ्यात पोरीने माझ्या खिशातलं कार्ड अलगद काढून मुलाचा नंबर लावला.

मुलगा ऑफिसमधून टॅक्सीने आला. धापा टाकत होता. पोलिसांसमोर, त्या बाईसमोर, त्याने मला पहिला प्रश्न केला, "बाबा, माती का खाल्लीत?"

आता बघा. हा माझा पोरगा. याचा जन्म खारेपाटातला. मी त्याला चौथीनंतर पेणला ठेवला, चिखलात पाय घालू दिला नाही, माझ्यासारखा अडाणी होऊ नये म्हणून. ते झालं तसं, त्याचा मला अभिमान आहे. पण आपल्या घरात माती चाखतात एवढंही त्याला ठाऊक नसावं? मला वाटलं, याला ठाऊकच असेल, उगाच लोकांसमोर विचारतोय. म्हणून मी गप्प बसलो. आणि मग कळलं की खरंच ठाऊक नाही, म्हणून आणखीच गप्प बसलो.

घरी आल्यावर सुनेने विचारलं. नातीने विचारलं. मी म्हटलं, "खाल्ली नाही." "मग काय केलं?" "खाल्ली नाही म्हटलं ना." त्यावर सून म्हणाली, "बाबा, त्या बाईने बघितलंय." मी म्हटलं, "मग त्या बाईलाच सांभाळा."

आठवड्याने मला दवाखान्यात नेलं. विसरभोळ्या म्हाताऱ्यांचा वेगळा विभाग होता. डॉक्टर लहानशी चिनी बाई, स्वभावाने चांगली. शेजारी एक तमिळ नर्स, ती आपल्या पद्धतीचं हिंदी करून सांगायची. मुलाला बोलायची बंदी, तो कोपऱ्यात.

"अंकल, कौन सा साल है?"

मी म्हटलं, "भिंतीवर लिहिलंय."

"ये कौन सा माला है?"

"तुम्हीच आणलंत वर. तुम्हाला माहीत नाही?"

नर्स हसली, डॉक्टरबाई पण हसल्या, मुलगा नाही हसला. मग तीन शब्द सांगितले, संत्रं, गाडी, विमान, आणि म्हणाल्या लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारू. विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला तिन्ही येत होते, आजही येतात. पण ज्या माणसाने बांधावर उभं राहून शंभर माणसं कामाला लावली त्याने संत्रं म्हणून दाखवायचं? पहिलीतल्या पोरासारखं? मुलगा शेवटी न राहवून म्हणाला, "बाबा, प्लीज. सांगा ना."

मी नाही सांगितलं.

डॉक्टरबाईंनी मुलाला बाहेर नेऊन बराच वेळ समजावलं. घरी येताना बसमध्ये मुलाने मला थोडक्यात सांगितलं. अंकल सहकार्य करत नाहीत, नक्की काही म्हणता येत नाही. पण तोंडात माती घातली, चिडतात, तेव्हा सध्या एकटं ठेवू नका, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. छपराचं काम त्याने फोनवर थांबवलं. किल्ल्या चिठ्ठ्यांसकट खणात गेल्या. कंपनीला उत्तर द्यायला आठवडा उरला होता.

त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी वाकडं बोललं नाही, हे सगळ्यात वाईट. सून मला चहा द्यायची आणि कप हातात नीट धरलाय ना हे बघून मगच सोडायची. बाकावर जायचं तर नात बरोबर. ती बिचारी कानात वायर घालून बसायची. चिनी म्हातारा एकदा समोर आला, त्याने नातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि समजल्यासारखी मान हलवून निघून गेला. त्याच्याबरोबरही आता एक मोलकरीण असते. रात्रंदिवस मी एकच विचार करायचो, एक वाक्य बोलायचंय, मराठीतलंच, आणि ते घशाशी येऊन फुगून बसतं. जितके दिवस जातील तितकं ते जड. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर गंमत झाली असती. आता सांगायचं म्हणजे पाया पडल्यासारखं.

ते शेवटी चुलतभावानेच सांगितलं. शनिवारी दुपारी मुलाने त्याला फोन लावला, बाबा येत नाहीत म्हणून कळवायला. फोन मोठ्याने चालू होता, मी सोफ्यावर होतो.

"का रे? काय झाला?"

"काका, बाबांची तब्येत… म्हणजे डोक्याचं जरा. बागेत माती खाल्ली त्यांनी."

 मग ते नाक हलायला लागलं. तो हसत होता. "खाल्ली? अरे येड्या, चाखली असंल! खारी का गोडी बघाया. आमी समदे चाखायचो. तुझा आजा तर दुसऱ्याच्या शेताची पण चाखायचा. दादा, हायस का रं तिथं? काय निघाली, खारी का गोडी?"

मी म्हटलं, "गोडी."

मुलाने फोन ठेवला.  मग म्हणाला, "बागेतली वरची माती बाहेरून आणून टाकलेली असते, बाबा. ट्रकने. खाली भराव आहे. तुम्ही भराव चाखलाच नाही."

म्हणजे तेही वायाच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून आणि नात बाजारात गेल्या होत्या. मुलगा माझ्यासमोर येऊन बसला.

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू मला विचारलंस कुठे? पोलिसांना विचारलंस, डॉक्टरबाईंना विचारलंस, बायकोला विचारलंस. मला विचारलंस ते, का खाल्ली. खाल्ली असती तर सांगितलं असतं."

मला वाटलं आता भांडेल. मी तयारीत होतो. तो म्हणाला, "बरोबर आहे. माझं चुकलं."

रस्सीखेच चालू असताना समोरच्याने दोर सोडला की आपणच उताणे पडतो, तसं झालं. मी म्हटलं, "मग आता पाठव. मी वेडा नाही हे कळलं ना?"

"कळलं. डोकं तुमचं माझ्यापेक्षा चांगलं आहे." त्याने खुर्ची जवळ ओढली. "पण पाठवणार नाही."

"का?"

"बाबा, घरी जायचं सगळं तुमच्या हातात होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पोलिसांसमोर नाही, डॉक्टरसमोर नाही, निदान घरात आल्यावर मला. तुम्ही घरी जाणं सोडलंत पण वाक्य नाही बोललात. उद्या गावाला बाथरूममध्ये पडलात, तर भाऊकाकाला हाक माराल का?"

मी डावा गुडघा चोळायला लागलो.

"माराल का, बाबा? खरं सांगा. मी आज संध्याकाळी तिकीट काढतो."

ओहोटीला खाडीत जाळं लावतात, तेव्हा मासा ज्या बाजूला वळेल त्या बाजूला जाळंच असतं. मला ते त्या घडीला दिसलं. कारण गणपतीपासून माझा डावा पाय मधूनच बधिर होतो. आंघोळीच्या स्टुलावरून उठताना तो माझा राहत नाही, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबतो. दोनदा मी पडता पडता नळाला धरून वाचलो. बागेत त्या बाईला झटकलं तेव्हाही पायच गेला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, तर पाठवणार नाही. नाही सांगितलं आणि नुसतं हो म्हटलं, तर कदाचित पाठवेल. पण मग तो म्हणतो तसाच माणूस मी ठरतो, आणि तो जे घाबरतो तेच होतं. बाथरूमच्या लादीवर पडलेला मी मला दिसलो. शेजारी भाऊ आहे, भाकऱ्या थापल्यात, आणि मी हाक मारत नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे. मी नाही मारणार हाक.

मी म्हटलं, "डावा पाय जातो माझा."

"म्हणजे?"

"जातो म्हणजे जातो. कळत नाही जागेवर आहे की नाही ते."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

तो उठून बाथरूममध्ये गेला. नळ हलवल्याचा आवाज आला. परत येऊन दारात उभा राहिला. "हा नळ तुम्ही ढिला केलात होय! मी त्या प्लंबरला दोनदा बोलावून शिव्या घातल्या." असं म्हणून हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळ्यांवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी काय करणार, बसलो तसाच. मग म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत. थँक्यू."

"बापाला थँक्यू म्हणतोस?"

"मग काय म्हणू?"



कंपनीला त्याने नाही कळवलं. मी म्हटलं होतं, माझ्यासाठी थांबू नकोस, मला कुठेही ठेव, पनवेलला म्हाताऱ्यांची घरं आहेत. तो म्हणाला, "तुमच्यासाठी नाही. पोरीची परीक्षा आहे पुढे." खोटं बोलताना तो माझ्यासारखाच खिडकीबाहेर बघतो. नात मात्र धावत येऊन माझ्या गळ्यात पडली, "आजोबा, यू सेव्ह्ड मी, लाह!" तिला वाटतं मी तिच्यासाठी केलं. सून दोन दिवस शांत होती. त्या शहरात तिने ऑनलाइन एक घर बघून ठेवलं होतं, मागे पाणी आणि स्वतःची होडी बांधायला खुंटी असलेलं. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबा, राग आला होता मला तुमचा. आता गेला. सांगून टाकलं." मी म्हटलं, "बरं केलंस."

पायाचं दवाखान्यात दाखवलं. मणक्यात नस दबलीय म्हणतात. व्यायाम दिलेत. बरा होईल असं कुणी म्हणालं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक माणूस ड्रिल मशीन घेऊन आला आणि बाथरूमच्या भिंतीत स्टीलचा दांडा बसवून गेला. सुनेने मला बोलावलं, "बाबा, धरून बघा." मी म्हटलं, मला नको, तुम्ही धरा.  आता मी आंघोळीला गेलो की ती बाहेर ऑफिसचे कपडे इस्त्री करत असते, आणि पाणी बंद झालं की विचारते, "बाबा, धरलाय ना?"

पहिले काही दिवस मी उत्तर दिलं नाही. हल्ली देतो. दांडा धरतो, डाव्या पायाला जाग येईपर्यंत उभा राहतो, आणि दाराकडे तोंड करून म्हणतो, "हो."

त्याहून जास्त काही म्हणत नाही.